फुल बॉडी चेकअपचं पॅकेज: थायरॉइड मंद असेल तर किडनीची पानं कशी वाचायची

सकाळी साडेसहाला बॅग घेऊन मुलगा दारात येतो, तीन-चार ट्यूब रक्त घेतो, लघवीची डबी नेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर अठरा-वीस पानांची पीडीएफ येऊन पडते. पुण्या-मुंबईतच नाही, तालुक्याच्या गावीही आता ही सोय झाली आहे. साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत 'सत्तर चाचण्या', 'नव्वद चाचण्या' अशी ही पॅकेजेस विकली जातात आणि थायरॉइड प्रोफाइल व किडनी प्रोफाइल त्यांत बहुतेक वेळा असतातच. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, या एकूण सेवेचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: थायरॉइड मंदावलेल्या माणसाच्या किडनीचं आणि अंगातल्या पाण्याचं खरं चित्र या रिपोर्टातून कळतं का?

आमचं मत आधीच सांगतो: पाचपैकी तीन. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड मंदावलं की ते वाढतं) आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) एकाच दिवशी, एकाच सुईतून मोजले जातात, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. एक गुण कापला तो सोडियमसाठी. या कामासाठी ते अत्यंत गरजेचं आणि स्वस्त आहे, तरी अनेक पॅकेजांत नसतं. दुसरा गुण कापला कारण थायरॉइडचं पान आणि किडनीचं पान एकमेकांशी बोलत नाहीत. पान चारवर टीएसएच लाल, पान नऊवर क्रिएटिनिन लाल, पान अकरावर कोलेस्टेरॉल लाल. घरातला माणूस हे तीन आजार म्हणून वाचतो आणि तीन डॉक्टरांच्या वेळा घेतो.

एक रिपोर्ट, चार लाल रेघा

उदाहरण म्हणून एक रिपोर्ट समोर ठेवू. वय ५२, बाई. टीएसएच ७८, फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) ०.३, क्रिएटिनिन १.३, सोडियम १३३, एकूण कोलेस्टेरॉल २९०, एसजीओटी ६२, एसजीपीटी ३४ (ही दोन यकृताच्या पानावरची एन्झाइम्स). क्रिएटिनिनच्या खाली छोट्या अक्षरांत ई-जीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४९ असं छापलेलं असतं आणि त्याच्या शेजारी रंगीत पट्टीवर बाण किडनीच्या जुनाट आजाराच्या 'टप्पा ३' वर टेकलेला. घरात रडारड होते ती या बाणामुळे.

आता हाच रिपोर्ट एकत्र वाचा. थायरॉइडचं हार्मोन जवळपास संपलंय. त्यामुळे हृदय सावकाश आणि कमी जोराने रक्त फेकतंय, रक्तवाहिन्या आवळल्या आहेत. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. मूळ प्रवाहच घटला की किडनीच्या गाळण्यांपर्यंत पोचणारं रक्तही घटतं आणि गाळणी मंदावते. त्यात किडनीतल्या रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारी द्रव्यं हार्मोनअभावी कमी तयार होतात, बीपी आणि मीठ सांभाळणारी रेनिनची व्यवस्थाही थंडावते. गाळणीची जाळी फाटलेली नसते, तिच्यावर येणारा दाब कमी असतो. थायरॉइड पुरतं मंदावलेल्या बऱ्याच जणांत म्हणूनच क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन) सुरू केल्यावर उतरतं.

स्नायूंचाही हात असतो. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. थायरॉइड कमी असताना स्नायू दुखतात, आखडतात, त्यांतली एन्झाइम्स रक्तात झिरपतात. एसजीओटी वाढलेलं आणि एसजीपीटी मात्र जागेवर, हा वरच्या रिपोर्टातला प्रकार यकृतापेक्षा स्नायूंकडे बोट दाखवतो, आणि सीपीके ही स्नायूंतल्या एन्झाइमची चाचणी केली तर ती वाढलेली दिसण्याची शक्यता चांगली असते. पॅकेजमध्ये सीपीके सहसा नसतं. कोलेस्टेरॉल वाढतं कारण यकृत ते रक्तातून पुरेसं उचलत नाही. म्हणजे थायरॉइडच्या पानाबाहेर चार लाल रेघा, मूळ कारण एकच.

गोळी लागू पडली आणि क्रिएटिनिन ०.९ वर आलं, तर त्याच बाईंचा ई-जीएफआर ७७ च्या आसपास निघतो. सूत्र तेच, वय तेच, किडनी तीच. ई-जीएफआर ही मोजलेली गोष्ट नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून काढलेलं गणित आहे. शिवाय किडनीचा जुनाट आजार म्हणायला ई-जीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीतलं प्रथिन जास्त, असं किमान तीन महिने राहावं लागतं. एका सकाळच्या रक्तावर 'टप्पा ३' ठरत नाही. रंगीत पट्टीखाली एवढी एक ओळ छापायला लॅबला काही खर्च येत नाही, ती छापायलाच हवी.

कॅन्सरसाठी थायरॉइड ग्रंथी काढलेल्या रुग्णांत हे फार स्वच्छ दिसतं. किरणोत्सारी आयोडीन देण्याआधी काहींची गोळी तीन-चार आठवडे थांबवतात, म्हणजे टीएसएच वर जातं. त्या काही आठवड्यांत धडधाकट माणसाचं क्रिएटिनिनही वर सरकतं आणि गोळी परत सुरू झाल्यावर खाली येतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किंवा टाटा मेमोरियलमध्ये या उपचारासाठी जाणाऱ्यांनी मधल्या काळात चेकअप पॅकेज करू नये. केलंच तर वरच्या कोपऱ्यात 'गोळी बंद आहे' असं स्वतः लिहून ठेवावं. नाहीतर तो रिपोर्ट वर्षभर फाइलमध्ये राहतो आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर त्यावरून किडनीबद्दल विचारतो.

सोडियम: पॅकेजमधली रिकामी जागा

किडनी प्रोफाइल म्हणून जे विकतात त्यात बहुधा युरिया, बीयूएन, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, कॅल्शियम आणि त्यांची दोन-तीन गुणोत्तरं असतात. सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड वेगळ्या नावाने, इलेक्ट्रोलाइट्स म्हणून, वेगळे पैसे घेऊन. थायरॉइड मंद असलेल्या माणसाला, त्यातही साठीच्या पुढच्या आणि बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला, आम्ही हे पैसे द्यायला सांगू. आणि बजेट ठरलेलं असेल तर व्हिटॅमिनच्या चाचण्या काढून हे घाला.

कारण असं. थायरॉइड खूप कमी झालं की किडनीला जादा पाणी लवकर बाहेर टाकता येत नाही. हृदयाचा प्रवाह कमी पडला की शरीराला वाटतं रक्त कमी झालं, आणि मेंदूतून पाणी राखून ठेवणारं एडीएच हे हार्मोन गरज नसताना सुटतं. दुसरीकडे गाळणीच मंद असल्यामुळे किडनीच्या ज्या भागात लघवी पातळ होते तिथपर्यंत पुरेसा द्रव पोचत नाही. निरोगी माणूस वजनाच्या किलोमागे २० मिली पाणी एकदम प्यायला तर चार-पाच तासांत त्यातलं बहुतेक लघवीवाटे जातं. थायरॉइड पार ढासळलेल्या माणसात ते रेंगाळतं. मीठ तेवढंच, पाणी जास्त, म्हणून रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली घसरतं. अंगातून मीठ कमी झालं म्हणून नव्हे. म्हणून 'सोडियम कमी आलं, मीठ जास्त खा' हा घरगुती इलाज इथे चुकतो.

'दिवसाला चार लिटर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल' हा सल्ला तर इथे नेमका उलटा पडतो. बऱ्याच पॅकेजांच्या शेवटी 'आहार सल्ला' नावाचं तयार पान येतं आणि क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की त्यात भरपूर पाणी प्या असं छापलेलं असतं. टीएसएच ७८ असलेल्या बाईंच्या हातात ते पान देणं चुकीचं आहे. तहान लागेल तसं प्यावं, आणि सोडियम कमी असेल तर दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं.

मात्र सोडियमचं सगळं खापर थायरॉइडवर फोडणंही तितकंच घातक आहे, आणि डॉक्टरांच्या खोलीतही ही चूक होते. टीएसएच दर १० ने वाढलं की सोडियम सरासरी ०.१४ ने उतरतं, इतकाच तो संबंध आहे. वरच्या रिपोर्टात टीएसएच ७८ आहे. त्याने सोडियममध्ये जेमतेम एकाची घट होईल. १३३ हे समजण्यासारखं आहे. तिथेच १२२ आलं असतं तर थायरॉइड हे त्याचं पुरेसं कारण नव्हे, दुसरं शोधायला हवं. पहिला संशय बीपीच्या गोळीवर. गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं असतील तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. इंडापामाइडही त्याच घरातलं. ही औषधं लघवीवाटे मीठ घालवतात आणि म्हाताऱ्या माणसात सोडियम धाडकन पाडू शकतात. नैराश्यावरच्या आणि फिट्सवरच्या काही गोळ्या, उलट्या-जुलाब, छातीतला संसर्ग हेही पाहावं लागतं.

आणि एक कारण असं आहे की ते हुकलं तर जिवावर बेतू शकतं: अॅड्रिनल ग्रंथीचं काम कमी पडणं. थायरॉइड आणि अॅड्रिनल दोन्ही एकाच वेळी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या तडाख्यात सापडू शकतात. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, बीपी खाली, वजन घटतंय, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्या आहेत, असं चित्र असेल तर थायरॉक्सिन सुरू करण्याआधी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हार्मोन) तपासायलाच हवं. अॅड्रिनल आधीच दमलेली असताना थायरॉक्सिन दिलं तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि माणूस कोसळू शकतो. कॉर्टिसॉल कुठल्याही सर्वसाधारण पॅकेजमध्ये नसतं. ते वेगळं सांगावं लागतं आणि ट्यूबवर वेळ लिहून घ्यावी लागते, कारण दुपारच्या कॉर्टिसॉलवरून याचा निर्णय होत नाही.

वयस्क माणूस सुस्तावलेला, बरळतोय, अंग थंडगार, नाडी मंद, असं असेल तर पॅकेजची वाट पाहू नका, थेट दवाखान्यात न्या. तिथेही सोडियम भराभर वर आणलं जात नाही. २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त वाढू देत नाहीत. एकदम वाढवलं तर मेंदूच्या पेशींना इजा होते.

सुजेबद्दल रिपोर्ट गप्प असतो

पायाच्या नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा पडून राहिला तर ते मोकळं पाणी: किडनी, हृदय, यकृत, किंवा बीपीची अॅम्लोडिपिन. खड्डा न पडता कणीक दाबल्यासारखं लागलं, त्वचा कोरडी, खरखरीत, डोळ्यांभोवती फुगीर, तर ती थायरॉइडची सूज असण्याची शक्यता जास्त. त्वचेखाली साखरेच्या जातीची चिकट द्रव्यं साठतात आणि ती पाणी धरून बसतात. ते पाणी लघवीची गोळी देऊन निघत नाही. उलट त्या गोळीने सोडियम आणखी घसरतं. फर्स्ट क्लास रिपोर्ट आणि सूज कायम म्हणून लघवीची गोळी चालू करणं, हा या आजारातला फार नेहमीचा आडमार्ग आहे. थायरॉक्सिन लागू पडलं की हे साठलेलं पाणी आपोआप लघवीवाटे निघू लागतं आणि पहिल्या काही आठवड्यांत वजनाचा काटा थोडा खाली येतो. ती चरबी नसते, पाणी असतं.

चाचण्यांची संख्या आणि खरा माल

'नव्वद चाचण्या' हा आकडा फुगलेला असतो. रक्तपेशींची एकच तपासणी वीसेक चाचण्या म्हणून मोजतात. बीयूएन-क्रिएटिनिन गुणोत्तर, युरिया-क्रिएटिनिन गुणोत्तर, व्हीएलडीएल, अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर ही सगळी भागाकार-वजाबाकी आहे, मशीनने मोजलेली नाही. युरिया आणि बीयूएन तर एकच वस्तू दोन मापांत: बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. जुना आणि नवा रिपोर्ट जुळवताना आधी हे पाहा, नाहीतर जुन्या लॅबचं बीयूएन १६ आणि नव्या लॅबचा युरिया ३४ बघून किडनी दुपटीने बिघडली असं वाटतं. दोन्ही आकडे एकच आहेत.

थायरॉइडच्या पानावर बहुतेक पॅकेजांत टी-३, टी-४ आणि टीएसएच असतात, पण टी-३ व टी-४ हे 'टोटल'. मंद थायरॉइड ओळखायला टी-३ चा उपयोग जवळपास नाही. टोटल टी-४ प्रथिनांना चिकटलेल्या हार्मोनसकट मोजलं जातं. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर ते प्रथिन वाढतं आणि टोटल टी-४ उगाच जास्त दिसतं. आणि किडनीच्या रुग्णात, लघवीतून भरपूर प्रथिन जात असेल तर, ते उगाच कमी दिसतं. म्हणून मागायचं ते टीएसएच आणि फ्री टी-४. बऱ्याच लॅब फोनवर सांगितलं की थोडे पैसे वाढवून बदलून देतात.

लघवीची साधी तपासणी पॅकेजमध्ये असते. त्यातल्या पट्टीवर प्रथिन 'नील' आलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. त्याऐवजी सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा. मंद थायरॉइडमुळे चढलेलं क्रिएटिनिन आणि किडनीचा स्वतंत्र आजार यांत फरक करायला ही चाचणी सर्वांत जास्त मदत करते. गुणोत्तर ३० मिलिग्रॅमच्या आत, लघवीत रक्तपेशी नाहीत, सोनोग्राफीत किडन्यांचा आकार नेहमीसारखा, तर आधी थायरॉइड नीट करून थांबायला हरकत नसते. गुणोत्तर ३०० च्या वर असेल तर थायरॉइडवर भरोसा ठेवून थांबू नका, किडनीतज्ज्ञांना दाखवा.

महागड्या पॅकेजांत अलीकडे सिस्टॅटिन-सी ही चाचणी 'क्रिएटिनिनपेक्षा अचूक' म्हणून घालतात. एरवी ते बरोबर आहे. पण थायरॉइड बिघडलेलं असताना नाही. थायरॉइड कमी असताना पेशी सिस्टॅटिन-सी कमी तयार करतात, त्यामुळे त्यावरून काढलेली किडनीची क्षमता खऱ्यापेक्षा चांगली दिसते. एकाच सकाळी क्रिएटिनिन म्हणतं किडनी खराब आणि सिस्टॅटिन-सी म्हणतं उत्तम. दोन्ही रिपोर्ट खरे, दोन्हींवर थायरॉइडचा हात फिरलेला. टीएसएच जागेवर येईपर्यंत हे पैसे वाचवा.

रक्त देताना काय बिघडतं

केस गळतात म्हणून थायरॉइडचे कितीतरी रुग्ण बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि हेच बायोटिन टीएसएचचा रिपोर्ट फसवतं. अनेक मशीनमध्ये टीएसएच पकडायला बायोटिनचाच हूक वापरलेला असतो. रक्तात आधीच भरपूर बायोटिन असेल तर टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी-४ खोटं जास्त येतं. मंद थायरॉइड झाकून जातं. ५ किंवा १० मिलिग्रॅमची गोळी असेल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. रक्त न्यायला येणाऱ्या मुलाने हे दारातच विचारायला हवं. बहुतेक ठिकाणी साखर आणि जेवण एवढंच विचारतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ वर चढलेलं असतं. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारनंतर कमी असतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. आदल्या रात्री मटणाचा बेत नको, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास वाढतं. जिमचा क्रिएटीन पावडर आणि आदल्या दिवशीचा दणकून व्यायामही तेच करतो.

पोटॅशियमबाबत सेवेचं खरं कसब दिसतं. बारीक शिरेतून सिरिंजने जोर लावून ओढलेलं रक्त, ट्यूबमध्ये फेसाळत सोडलेलं, किंवा गावच्या केंद्रावरून यंत्रात न फिरवताच दुपारपर्यंत प्रवास केलेलं: अशा रक्तात पेशी फुटतात किंवा गळतात आणि पोटॅशियम ५.८, ६ असं खोटं येतं. पिवळ्या टोपणाच्या जेल ट्यूबमधलं रक्त साधारण अर्धा तास गोठू द्यायचं आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी पेशींपासून वेगळं करायचं, हे त्याच केंद्रावर व्हायला हवं. तिथे सेंट्रिफ्यूज आहे का, एवढं विचारा. नसेल तर त्या केंद्रावर इलेक्ट्रोलाइट्स करू नका, जवळच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये करा. रिपोर्टवर 'हेमोलाइज्ड' (पेशी फुटलेलं रक्त) अशी टीप असेल तर पोटॅशियम पुन्हा करून मागा. चांगली लॅब पैसे घेत नाही.

सोडियमचंही एक खोटं रूप आहे. रक्तात चरबी अतोनात वाढलेली असेल, ट्यूबमधलं पाणी दुधाळ दिसत असेल, तर मोठ्या मशीन नमुना पातळ करून मोजतात तिथे सोडियम खोटं कमी येतं. मंद थायरॉइडमध्ये चरबी वाढतेच, म्हणून हे लक्षात ठेवायचं. इस्पितळातल्या रक्तवायू तपासणीच्या मशीनवर तोच नमुना न पातळ करता मोजला की खरा आकडा मिळतो.

रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह पाहा, पण ते त्या-त्या चाचणीपुरतं असतं हेही ध्यानात ठेवा. नमुना कुठल्या शहरात तपासला ते खाली लिहिलेलं असतं. क्रिएटिनिनसमोर पद्धत छापलेली असते: जाफे की एन्झाइमॅटिक. जाफे पद्धतीला कावीळ, कीटोन आणि काही अँटिबायोटिक्स गडबडवतात. एन्झाइमॅटिक बरी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही वेळेला पद्धत एकच हवी. ०.२ चा फरक निव्वळ लॅब बदलल्याने पडू शकतो.

किडनी आधी, थायरॉइड नंतर

काही घरांत गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. लघवीतून प्रथिन सतत जात असेल तर त्यासोबत थायरॉइडचं हार्मोन आणि ते वाहून नेणारं प्रथिनही वाहून जातं. आधीपासून थायरॉक्सिनवर असलेल्या माणसाचं टीएसएच अचानक वाढलं, गोळी रोज व्यवस्थित चालू आहे, आणि लघवीला फेस येतोय, तर डोस वाढवण्याआधी लघवीतलं प्रथिन तपासा. किडनीच्या जुनाट रुग्णाला फॉस्फरससाठी कॅल्शियम किंवा सेव्हेलॅमर, रक्तासाठी लोह असतं. या तिन्ही गोष्टी थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. लिथियम (मनाच्या आजारावरचं) आणि अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांवरचं) ही दोन औषधं थायरॉइडवर आणि क्रिएटिनिनवर, दोन्हींवर परिणाम करू शकतात. लिथियम तर पाण्याचं गणितच उलटं करतं: लघवी भरमसाठ आणि तहान. या औषधांवर असणाऱ्याने सर्वसाधारण पॅकेजवर विसंबू नये.

कोलेस्टेरॉल २९० बघून लगेच स्टॅटिन चालू करण्याची घाईही नको. थायरॉइड मंद असताना स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते, स्नायू फुटले की क्रिएटिनिन आणखी चढतं आणि किडनीवर खरा भार येतो. हृदयाचा झटका येऊन गेलेल्याची गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी ठरवायचं. बाकीच्यांनी टीएसएच जागेवर आल्यावर कोलेस्टेरॉल पुन्हा तपासून मग ठरवलेलं बरं.

दुसऱ्यांदा काय मागवायचं

थायरॉक्सिनचा पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, साठ किलोच्या माणसाला सुमारे १०० मायक्रोग्रॅम. वयस्क किंवा हृदयरोगी असेल तर १२.५ किंवा २५ पासून हळूहळू. सकाळी उपाशी पोटी साध्या पाण्यासोबत, आणि चहाही अर्ध्या तासानंतर, जमल्यास तासाने. पहाटेच्या चहाबरोबर गोळी गिळणाऱ्यांचं टीएसएच डोस वाढवूनही हलत नाही. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी. गोळी रक्तात निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा टीएसएच करण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे थांबा.

त्या वेळी पूर्ण पॅकेज घेऊ नका. टीएसएच, फ्री टी-४, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि पहिल्या वेळी जास्त आलं असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन गुणोत्तर, एवढंच सुटं सांगा. सोडियम पहिल्यांदा १३० च्या खाली असेल तर आठ आठवडे थांबायचं नाही, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी, अगदी दोन-तीन दिवसांतही, पुन्हा करावं लागतं. लॅब तीच, शक्यतो वेळ तीच. पहिला रिपोर्ट डॉक्टरांसमोर शेजारी ठेवा. टीएसएच ७८ वरून ४ च्या आसपास आणि क्रिएटिनिन १.३ वरून ०.९, लघवीतलं अल्ब्युमिन गुणोत्तरही ३० च्या आत, तर किडनीचा प्रश्न तिथे संपला आणि 'टप्पा ३' असा शेरा फाइलमधून काढून घ्या, विम्याच्या कागदांतही. टीएसएच जागेवर येऊन दोन-तीन महिने झाले आणि क्रिएटिनिन १.२ च्या खाली उतरत नसेल, तर उरलेला भाग किडनीचा स्वतःचा आहे. त्याची तपासणी थायरॉइडपासून वेगळी, किडनीतज्ज्ञांकडे, सोनोग्राफी आणि लघवीच्या गुणोत्तरासह करायची.